एक फोन केला असता तर

डॉ. पद्मजा वानखडे आयर्लंडमधल्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलात भूल देते, आणि डिसेंबर लागला की बेकरीवालीचे सिनेमे बघते. दोन्ही गोष्टी ती राजरोस करते. पहिलीबद्दल लोक तिला मान देतात, दुसरीबद्दल सल्ला.

‘बेकरीवालीचे’ हे तिच्या आईनं ठेवलेलं नाव. टीव्हीसाठीच काढलेले ते हिवाळी प्रेमपट सगळ्यांनी पाहिलेले असतात. आपण पाहत नाही असं सांगणाऱ्यांनी जरा जास्तच. शहरातल्या कंपनीतली टाचा वाजवणारी बाई मावशीची बेकरी विकायला गावी येते. गावात बर्फ असतो, सुतार असतो, सुताराला बायको नसते आणि सात वर्षांची पोरगी असते, जी सत्तर वर्षांच्या आजीसारखं बोलते. दीड तासानं बेकरी विकली जात नाही.

पद्मजाला त्यातली खोट दाखवायला जाऊ नका, तिच्याकडे यादी आहे. बर्फ साबणाच्या फेसाचा. मफलर सगळ्यांना, टोपी कुणालाच नाही, कारण केस दिसले पाहिजेत. कॉफीचे पेले रिकामे. नटी तो असा हेलकावते की आत घोटभर जरी असती तरी कोट धुवायला टाकावा लागला असता. आणि संपायला बारा मिनिटं उरली की गैरसमज ठेवलेलाच. बाई खिडकीबाहेरून बघते, आत सुतार कुणाला तरी मिठी मारतोय. ती विचारत नाही, बॅग उचलते, गाडीत बसते. मिठीतली ती त्याची सख्खी बहीण असते.

“एक फोन केला असता तर!” पद्मजा दरवर्षी पडद्यावर ओरडते.

“बहीण हाय वो त्याची!” शेजारी सुरेखाबाई, तिची आई, अमरावतीहून तीन महिन्यांसाठी आलेली, गोधडीतून हात काढून ओरडते. “काहून पळून राहिली थे? जाय न, इचार न त्याले!”

हा नाद लागला आठ वर्षांपूर्वी, आयर्लंडमधल्या पहिल्याच डिसेंबरात. गाडी चालवता येत नव्हती, आणि या मुलखात गाडीशिवाय माणूस म्हणजे खुंट्याला बांधलेलं. आयरिश सहकाऱ्यांना पोरंबाळं होती, म्हणून सणातल्या ड्युट्या हिनं घेतल्या. ऑन-कॉल खोलीतल्या टीव्हीवर बेकरीवाली लागली होती. पद्मजा दहा मिनिटं बघायची की बोलावणं. सिझेरियनसाठी भूल देऊन परत यायची, तर बाई अजून पीठच मळत असायची. दुसरं सिझेरियन, एक अपेंडिक्स. परत आली तर सुतारानं नुकतं कुठं पिठाचं बोट तिच्या नाकाला लावलं होतं. काही म्हणजे काही चुकलं नव्हतं. जगातली एक तरी गोष्ट आपल्यासाठी थांबते, याचं तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. शिवाय त्या बाईला नाताळात दोन आठवडे रजा मिळते. एवढी अद्भुतरम्य कल्पना राक्षस-पऱ्यांच्या गोष्टींतही नाही.

आता राजीवसर. पुण्याचे हाडांचे सर्जन, पंधरा वर्षांपासून इथं. आवाज मुरलेला, वाक्य सुरू झालं की कुठं उतरेल याचा नेम नाही. इथल्या आठ मराठी घरांत एक रीत आहे: डिसेंबरातल्या एका शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये सिनेमा. चिठ्ठी निघेल त्या घरानं निवडायचा, बाकीच्यांनी मुकाट बघायचा. मागच्या वर्षी राजीवसरांनी निवडला होता. त्यात एक माणूस तीन तास एक शेळी घेऊन चालतो आणि शेवटी शेळी उरते. सगळ्यांनी बघितला.

या वर्षी पहिल्यांदाच पद्मजाची चिठ्ठी निघाली.

“नाही, म्हणजे, चांगलाच असेल गं,” ऑपरेशन थिएटरशेजारच्या चहाच्या खोलीत राजीवसर सुरू झाले. “पण कसंय, सिनेमा हे माध्यम म्हणून जेव्हा आपण बघतो ना, तेव्हा... आणि अर्थात भूल देणारीला भूल पाडणारेच सिनेमे आवडायचे!”

खोली हसली. पद्मजानं बिस्किट बुडवलं.

“भूल देताना मी टक्क जागी असते, सर. मागच्या वर्षी शेळीपाशी घोरत कोण होतं?”

“मी डोळे मिटून ऐकत होतो.”

“शेळी बोलत नव्हती.”

राजीवसरांनी त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मतदान घ्यावे का?’ असं टाकलं. तिनं ‘नाही. चिठ्ठी माझी, सिनेमा माझा’ असं उत्तर दिलं. त्यावर त्यांनी ग्रुप म्यूट केला. पद्मजाला नीट कळत होतं: आता माघार घेतली की ‘बाई हुशार, पण आवड जरा...’ हे तीन टिंबांचं बिरूद जन्मभर गळ्यात. हा सिनेमा लागायलाच हवा होता.

हॉलचं वायफाय म्हणजे देवाची करणी, म्हणून तिनं डीव्हीडी मिळवली. शुक्रवारीच पिशवीत घालून हॉलमधल्या कपाटात ठेवून आली. आता इथं कपाटाला प्रेस म्हणतात. आठ वर्षांत पद्मजाच्या तोंडीही तेच बसलं: बशा प्रेसमध्ये, साखर प्रेसमध्ये. शनिवारी दुपारी एका पेशंटमुळे ती अडकली, तेव्हा घाईघाईनं ग्रुपवर लिहिलं: ‘सिनेमाची पिशवी प्रेसमध्ये आहे. मला उशीर झाला तर काढून घ्या.’

लगेच उत्तर आलं: ‘मी आणतो मॅडम.’ डॉ. परेश, तीन आठवड्यांपूर्वी सोलापूरहून आलेला. आता तोच आणणार म्हणून सगळे निर्धास्त झाले.

पद्मजा साडेचारला पोचली. बाहेर एव्हाना हिवाळ्याचा काळोख, पाऊस आडवा. हॉलच्या दाराला काच होती. तिनं आत पाहिलं. पडद्यावर एक माणूस चालत होता. शेळी नव्हती, या वेळी गाढव होतं. शेजारी, स्वतःच्या लॅपटॉपवर हात ठेवून, राजीवसर.

केलंच शेवटी. सगळ्यांनी मिळून केलं. किल्ली हातातच होती, गाडी दहा पावलांवर. आधीच येऊन बसलेल्या आईला मागाहून कुणीतरी सोडेल. ती वळलीसुद्धा.

आणि थबकली. पाऊस, काच, आत भलतंच काही, हातात किल्ली. अगं बाई! ही तर बारा मिनिटं उरल्याची वेळ! आठ वर्षं जिच्या नावानं ओरडलो, तिच्याच जागी आपण उभ्या. टोपीसुद्धा नाही डोक्यावर.

“पळणार नाही,” ती मोठ्यानं म्हणाली आणि दार ढकललं.

“सर, हे काय?”

“अगं, आलीस? बस बस. तूही नाही, सिनेमाही नाही, तर मला वाटलं तू विचार बदललास. म्हणून म्हटलं लोक खोळंबायला नकोत...”

“वाटलं? विचारलंत?”

“नाही, तू थिएटरमध्ये असशील म्हणून...”

“ग्रुपवर लिहिलं होतं.”

“तो मी... म्यूट...”

“हे गाढोव कवाचं चालूनच राहिलं, पद्मा,” पहिल्या रांगेतून सुरेखाबाई म्हणाल्या. “कोनी पानीबी नाही पाजलं त्याले.”

तेवढ्यात दार उघडून परेश आला. निथळत होता. हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक हँगर.

“सॉरी मॅडम! पहिल्यांदा पेपरच्या प्रेसमध्ये गेलो, शनिवारी बंद. मग म्हटलं इस्त्रीची प्रेस असणार. चालतच गेलो. लाँड्रीवाली म्हणाली,” आणि परेशनं तिचा गळा हुबेहूब काढला, “‘आह, नो फिल्म हिअर, पेट!’ सिनेमा नाही रे बाळा, म्हणे, पण तुमच्या नावावर दिवाळीपासून ही साडी पडून आहे.”

क्षणभर कुणाला कळेना. मग हॉल असा हसला की गाढवाचा आवाजच गेला. परेशही हसला, कशाला ते न कळता.

“मला एक फोन करायचास ना रे,” पद्मजा म्हणाली.

“मॅडम, तुम्ही पेशंटबरोबर...”

“हं. तूही नाही, सरांनीही नाही.” तिनं साडी खांद्यावर टाकली, राजीवसरांच्या कोपराशी असलेलं कपाट उघडलं आणि पिशवी बाहेर काढली. “प्रेस म्हणजे हे. कपाट.”

“अरेच्चा,” राजीवसर म्हणाले. “इतका वेळ इथंच... पण आता अर्धा तास झालाय, लय लागलीये, तर पुढच्या वेळी—”

“लॅपटॉप काढा, सर.”

तिनं आवाज चढवला नव्हता. ऑपरेशन चालू असताना ‘थांबा, प्रेशर पडतंय’ म्हणते तोच स्वर. त्या स्वराला हाडांचे सर्जन ऐकतात. त्यांनी लॅपटॉप काढला.

पद्मजा पडद्यासमोर उभी राहिली. “पेले रिकामे आहेत. बर्फ फेसाचा आहे. शेवट तुम्हाला आत्ताच माहीत आहे. मलाही माहीत आहे, आणि तरीही मी बघते, दरवर्षी. चिठ्ठी माझी आहे. बसा.”

बसले. सुतार आला तेव्हा सुरेखाबाई म्हणाल्या, “पोरगा बरा हाय, पन नाताळात घरी लाकडं काहून तोडून राहिला?” पिठाचं बोट नाकाला लागलं तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी घातली. परेश हीटरला पाठ लावून, तोंड उघडं टाकून बघत होता. राजीवसर सुरुवातीला हाताची घडी घालून होते. मग घडी सुटली. मग ते खुर्चीच्या टोकावर आले.

बारा मिनिटं उरली. खिडकी, मिठी, बॅग.

“अगं पण!” राजीवसर न राहवून ओरडले. “ही त्याला एक फोन का नाही करत?”

सुरेखाबाईंनी मान वळवली नाही.

“तुमी तरी कुठं केला जी?”

पद्मजानं रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.