कडेला टेकलेली सळई

इथे अमेरिकेत, अल्फारेटातले आमचे शेजारी काका दर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाण्याआधी मला गॅरेजमध्ये हाक मारतात. माझी झोप त्यातच जाते. ते रिकाम्या बंदुकीला सायलेन्सर लावतात आणि नळीतून एक स्वस्तातली स्टीलची सळई सरकवतात. सळई सायलेन्सरच्या भोकात मधोमध दिसली पाहिजे. कडेला टेकली, तर गोळीही तिथेच आपटणार.

"बघ रे, माझे डोळे थकले आता."

आठवडाभर स्क्रीन बघून माझेही थकलेले असतात, पण बघतो.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी सळई कडेला टेकली. काकांनी वैतागून सायलेन्सर फिरवून काढला. नळीच्या आट्यांत वाळलेलं कुंकू अडकलं होतं.

बंदूक आल्यापासून काकूंनी गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. शस्त्रपूजेच्या दिवशीही "त्या वस्तूला मी हात लावणार नाही," असं त्या माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, आणि काकांनी मग पूजाच केली नव्हती.

 काकांनी आटे न पुसताच बंदूक कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

"आज रेंज कॅन्सल," मला म्हणाले, आणि दार उघडून घरात आवाज दिला, "अगं, बस तू. चहा मी टाकतो."