चारठाण्याची देवळं आणि खाऱ्या पाण्याची टाकी

चारठाण्याला जायचं ठरलं ते देवळांसाठी नाही. नागनाथअप्पांनी गावी परतून किराणा दुकान टाकल्याचं कळलं म्हणून. अप्पा आणि माझे मिस्टर गुजरातेत तेलाच्या विहिरींवर एकाच पाळीत होते. तिथे एक अख्खी टाकी बिघडली, ठपका यांच्यावर आला. हे घरी आले आणि वर्षभरात गेले. काय झालं ते बोललेच नाहीत. मुलगा म्हणतो, बाबांच्या माथी दुसऱ्याचं पाप मारलं. मीही तेच धरून होते. एकदा खात्री करायची होती.

परभणीहून सकाळची जिंतूर गाडी धरावी, बायकांना अर्धं तिकीट. जिंतूरला मंठ्याकडे जाणारी गाडी बदलायची. स्टँडसमोरची भजी गरम असतात, चहा नुसता गोड.

"मावशी, कुणाकडं जायलाव?" कंडक्टरनं विचारलं.

"ओळखीच्यांकडं."

"मग बरं हाय. तिथं देव लय, हाटेल धड एक न्हाई."

देवळं खरंच पाहण्यासारखी आहेत. काळा दगड, बारीक कोरीव काम, कडेला वाळत घातलेली धुणी. मी सावलीत बसूनच राहिले. दुकानाकडे पाय निघेना.

यांच्या कामाचं मी नंतर पुस्तकांतून वाचलं. जमिनीखालचं तेल दाट असतं. त्याला ढकलायला साधं पाणी सोडलं तर ते बाजूनं निसटून जातं. म्हणून पाण्यात एक पूड कालवून ते खळीसारखं घट्ट करतात. पण पाणी खारं असलं की पूड फुलत नाही, पाणी पातळच राहतं. खाली मीठ असतंच, म्हणून वरून तरी गोडं पाणी घ्यावं लागतं. ते तपासायचं काम यांचं.

शेवटी उठून गेलेच. दुकानामागच्या घरात अप्पांच्या बायकोनं आधी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. "खाऊन घ्या, मग इचारा. हे रडाय लागले की कुणीच जेवत न्हाई."

जेवण झाल्यावर अप्पा म्हणाले, "वहिनी, खरं सांगू का बरं वाटंल ते?"

"बरं वाटून घ्यायला दोन गाड्या बदलून आले का?"

"खारेपणा मोजायचं मीटर दुरुस्तीला गेलतं. तसंबी आमी मीटर कवा बघत न्हवतो. तुमचे मालक, आमचे भाऊ, बोट बुडवून जिभेला लावायचे. ते गोड म्हणले की गोड. कदी चुकले न्हाईत. त्या दिवशी टँकर खाऱ्या लायनीवरून भरून आलता. भाऊंनी चाखलं, म्हणले, सोडा. पूड टाकली, तर घट्टच व्हईना. म्या म्हणलं, खारं असंल. तर म्हणले, माझ्या जिभेला शिकवतो का?"

"मग?"

"मग म्या चाखलं अन् थुकलो. नुसतं मीठ. भाऊंनी परत चाखलं. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. तंवर निम्मी टाकी जमिनीत गेलती."

दुकानात गिऱ्हाईक आलं, अप्पा उठले. मी तिथेच बसून होते.

टाकी बिघडली त्याआधीच्या सुट्टीत हे तापातून उठून घरी आले होते. रोज म्हणायचे, वरणात मीठ नाही. तिसऱ्या दिवशी मी मिठाचा डबाच ताटाशी आदळला. म्हटलं, जीभ मेलीय तुमची. हे हसले नाहीत. "मेलीच असेल," म्हणाले आणि तसंच जेवले.

देवळं बघायला येणाऱ्यांना एकच सांगते, तीननंतरच्या गाडीचा भरवसा धरू नका. मी रस्त्यावर दीड तास उभी होते. शेवटी एका जीपवाल्यानं जिंतूरपर्यंत सोडलं.

यांच्यावर अन्याय झाला, या एका गोष्टीवर मी ही दोन वर्षं काढली. सकाळी ती घेऊन निघाले होते. परतताना ती नव्हती.

घरी येऊन मुलाला फोन लावला. चूक बाबांचीच होती, त्यांची चव गेली होती, असं सांगितलं. तो चिडला. "चव गेलीय हे त्यांनी कुणालाच कसं सांगितलं नाही?"

"मला सांगितलं होतं," मी म्हणाले.

त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.