अर्ध्या तासाची घंटा

आमच्या साताऱ्याच्या क्लबात बिलियर्ड्सचं एकच टेबल होतं आणि त्या टेबलाचा एक अलिखित कायदा होता. खेळणाऱ्याला मध्येच उठवायचं नाही. या खेळात फटका चुकेपर्यंत एकच माणूस खेळत राहतो आणि गुण जमवत जातो, त्याला ब्रेक म्हणतात. सामन्याची वेळ संपली तरी चालू ब्रेक पुरा होऊ द्यायचा, असा आमचा रिवाज. माझे वडील, म्हणजे आबा, त्याचं कारण एका वाक्यात सांगायचे, "भरल्या ताटावरनं माणसाला कुणी उठवतंय व्हय?"

ऐकायला हे छान वाटतं. पण या ताटापायी सातारा-सांगलीची वार्षिक स्पर्धा शनिवारी सकाळी सुरू होऊन रविवारी दिवेलागणीपर्यंत चालायची. एकेक सामना दोन तासांचा, त्यात चहा, त्यात चालू ब्रेक, त्यात मागच्या वर्षीच्या ब्रेकच्या आठवणी. एक वर्ष ती साताऱ्यात भरायची, एक वर्ष सांगलीत. खेळायला यायचे ते पेन्शनर आणि वकील. ज्यांची घरी कोणी वाट बघत नाही किंवा वाट बघणारी काही बोलत नाही, असे सगळे.

आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. गाव खंडाळ्याकडचं, पण शेती भावावर सोपवून ते साताऱ्यात राहिले. हा खेळ ते फौजेत शिकले आणि मी शाळेत असताना मला शिकवला, रविवारी सकाळी क्लब रिकामा असायचा तेव्हा. मुलगी म्हणून मला कोणी कधी अडवलं नाही, हे क्लबच्या बाजूनं सांगायलाच हवं. तरी लग्न होऊन, नोकरी लागून, मूल झालं तोवर मी स्पर्धेतला एकही सामना खेळले नव्हते. माझी लेक दिवसभर सासूबाईंकडे आनंदात राहायची, पण झोपायची फक्त माझ्यापाशी. शनिवारी शाळेत शिकवायचं, रविवारी संध्याकाळी घरी असायचं. मला नाही म्हणणारं माणूस कोणी नव्हतं, नाही म्हणायचं ते घड्याळ.

शेवटी नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मी क्लबच्या बैठकीत उभी राहिले. म्हटलं, सामना अर्ध्या तासाचा करा, वेळ संपली की घंटा, आणि घंटा झाली की खेळ बंद. चालू ब्रेक असो नाहीतर नसो. स्पर्धा एका रविवारात आटपेल आणि मीही खेळेन.

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा त्या वेळी क्लबचे सचिव.

"अर्ध्या तासात हात बी गरम होत न्हाई," ते म्हणाले. "ह्याला खेळ म्हणायचं का शाळंची मधली सुट्टी?"

मला राग आला. हा खेळ मला शिकवणारा माणूसच दारात आडवा उभा होता. मी तोंडाला येईल ते बोलले. शिकवलंत कशाला मग, असंही बोलले. 

त्या वर्षीची स्पर्धा सांगलीत होती आणि तिकडच्या क्लबचे सचिव, एक दातांचे डॉक्टर, बैठकीला मुद्दाम आले होते. दरवर्षी तेच ते चेहरे बघून तेही कंटाळले होते. ते म्हणाले, "यंदा आमच्याकडे करून बघू. नाही जमलं तर पुन्हा दोन तास आहेतच." मत घेतलं तेव्हा विरोधात एकच हात वर झाला. आबांनी तो माझ्याकडे बघत वर केला.

सांगलीला आम्ही पहाटेच्या एसटीनं गेलो, एकाच बाकावर, फारसं न बोलता. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळत होती. क्लबात पोहोचलो तर गर्दी होती. कधी न दिसलेली माणसं आली होती. साखर कारखान्यातला एक जण रात्रपाळी करून थेट आला होता, कापडाच्या दुकानाचा एक मालक भावाला गल्ल्यावर बसवून आला होता. मला भरून आलं. एकटी मीच नव्हे, घड्याळानं अडवलेले कितीतरी होते.

आणि पहिल्याच सामन्यात सगळं फिसकटलं. घंटेचं काम डॉक्टरांकडे होतं. कुठल्याशा शाळेतून आणलेली चांगली दणदणीत पितळी घंटा होती, पण आमचा एक वकील खेळात रंगला होता आणि तो पाहुणा. वेळ झाली तशी डॉक्टरांनी ती इतकी हळू वाजवली, जणू पेशंटचा दात दुखायला नको. वकिलांनी वर पाहिलं. त्यांच्याविरुद्ध खेळणारे सांगलीकर चटकन म्हणाले, "होऊ द्या, होऊ द्या, पाव्हणं हायसा." झालं! पुढच्या सामन्यात पाहुण्यानं यजमानाला आग्रह केला. दुपारपर्यंत अर्ध्या तासाचा तास झाला. कारखान्यातला रात्रपाळीवाला बिचारा खुर्चीतच झोपून गेला.

मी पहिली फेरी जिंकले, आबाही जिंकले. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. पाचची एसटी चुकली तर लेकीची झोप गेली, आणि असंच चाललं तर पुढच्या वर्षी पुन्हा दोन तास. आबांनी भडंगाचा पुडा माझ्यापुढे धरला.

"बघ. म्हणलं नव्हतं? आपल्याकडं न्हाई जमायचं ह्ये."

मी भडंग घेतलं नाही.

दुसऱ्या फेरीत माझी चिठ्ठी आली ती आबांबरोबर. हॉलमध्ये हशा पिकला. मी हसले नाही.

आबांचा खेळ संथ. सुरुवातीला ते टेबलाची ओळख काढत बसायचे. मी तेवढ्यात घाईघाईनं गुण जमवले. वीसेक मिनिटांनी त्यांचा हात बसला आणि ते थांबेनात. टेबलावरचे तिन्ही चेंडू, दोन पांढरे नि एक लाल, एका कोपऱ्यात जमवून ते हळूहळू, तांदूळ निवडावेत तसे, गुण वेचायला लागले. हॉलमध्ये कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मी खुर्चीत बसून पाहत होते. मला हरायचं नव्हतं, आणि त्यांचा ब्रेक तुटावा असंही वाटत नव्हतं. इतका सुंदर खेळ मी त्यांच्याकडूनही पाहिला नव्हता.

ते माझ्या मागे होते ते फक्त दोन गुणांनी. लाल चेंडू भोकाच्या तोंडाशी उभा होता. तो आत गेला की तीन गुण. आबा वाकले, क्यूची काठी मागे घेतली, आणि डॉक्टरांनी घंटा वाजवली. नेहमीसारखी हळूच.

आबा सरळ झाले. क्यू टेबलाच्या कडेला ठेवला.

"आवं मारा की आबा," कापडवाला म्हणाला. "लहान पोर बी घालंल त्यो."

"पुरा करा, पुरा करा," डॉक्टरही म्हणाले. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "आबा, खेळा. माझी हरकत नाही."

"तुजी हरकत कोण इचारतंय?" आबा बोलले, मोठ्यानं, परेडला बोलावं तसं. "नियम झाला नव्हता तवर मी भांडलो. झाला तवा झाला. डाक्टर, घंटा जरा जोरात वाजवत चला. ऐकू येत न्हाई."

मग त्यांनी माझ्याशी हात मिळवला, परक्या खेळाडूशी मिळवावा तसा, आणि जाऊन भिंतीशी बसले.

त्यानंतर कोणाची बिशाद होती? सुभेदार भरल्या ताटावरून उठला म्हटल्यावर वकीलही उठले. घंटा दणदणत राहिली आणि सामने भराभर मार्गी लागले. पुढच्या फेरीत त्या पाळीवाल्यानं मला हरवलं आणि तो तसाच लांबच्या कारखान्यात रात्रपाळी गाठायला पळाला, अंतिम सामना दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुटल्यावर खेळतो म्हणाला, आणि सगळ्यांनी हो म्हटलं.

पाचची एसटी मिळाली. इस्लामपूर येईपर्यंत मी धीर धरला. मग विचारलं, "आबा, मला जिंकू दिलंत?"

"खुळी हायस का?" ते म्हणाले. "लय जिवावर आलं हुतं माज्या."

मग त्यांनी भडंगाचा पुडा मांडीवर पसरला. त्यातून तीन शेंगदाणे निवडले, एकाचं साल तसंच ठेवलं.

"ह्यो लाल. हितं हुता," ते म्हणाले, आणि तो दाणा बोटानं कागदाच्या कोपऱ्याबाहेर ढकलला. मग परत ठेवला. मग पांढरा कसा फिरला असता, तिथून पुढचा फटका कसा बसला असता, ते दाखवायला लागले. गाडी हिसके देत होती, दाणे घरंगळत होते, ते पुन्हा जागेवर लावत होते. अर्ध्या तासानं मला स्पर्धा दिली होती. त्यांच्याकडून काय घेतलं, ते मला तिथं, त्या कागदावर दिसत होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

कराड आलं, माणसं उतरली, चढली. आबांचा ब्रेक चालूच होता. मी त्यांना उठवलं नाही.