वाळवणातले खडे

माझी मोठी बहीण अकोल्याला असते. तिच्या घरी फुलांचा धंदा, शेतात मोगरा आणि निशिगंध, बाजारात हारांचं दुकान. लग्नसराईत घरातल्या बायका सकाळपासून हार गुंफत बसतात आणि नवरदेवाचा हार मात्र लोकांना तिच्याच हातचा लागतो. तीन वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, तिच्या पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पित्ताशय काढून टाकू, छोटं ऑपरेशन आहे, लांबवू नका. तारीखही दिली.

मी अमरावतीची. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सकाळी बागेत योगासनांना जाते, आणि तिथल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा वैद्यकीचा बराच दबदबा होता. कोणाचे गुडघे, कोणाची ॲसिडिटी, विचारायचा अवकाश की माझा उपाय तयार. त्याच ग्रुपवर यकृतशुद्धीचा एक व्हिडिओ फिरत होता. काही दिवस सफरचंदाचा रस, मग जुलाबाचं मीठ, शेवटी ऑलिव्हचं तेल लिंबाच्या रसात घालून प्यायचं. खडे आपोआप पडतात. मी तो तीनदा पाहिला आणि मला पटला. पटवूनच घ्यायचा होता म्हणा. आमची आई ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नव्हती. ताईला त्याची भीती नव्हती, मला होती.

"आता लग्नसराईत कुठं झोपून राहू मी?" ताई फोनवर म्हणाली. "पण डॉक्टर म्हणते, काढाच लागते."

"कापाकापी काहून करतं ताई? माह्याजवळ उपाय हाय," मी म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी बाटल्यांची पिशवी घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसले.

ताईनं सगळं मुकाट्यानं केलं. ते तेल पिताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं पेला रिकामा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी जुलाब सुरू झाले आणि खरंच हिरवे गोळे पडले. मटाराएवढे, गुळगुळीत. तिनं ते जुन्या चाळणीत धुतले, मोजायला लागली, चाळिसाच्या पुढे मोजणं सोडून दिलं. सुनेला बोलावून दाखवले. "पाह्य वं, तुह्या मावशीनं काय काढलं माह्या पोटातून." मी नको नको म्हणत होते आणि हरभऱ्याच्या झाडावर चढतही होते.

गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. ताई म्हणाली, हेही घालू वाळत, कडक झाले की डबीत भरून डॉक्टरांना दाखवते. तिनं ते वर्तमानपत्रावर पसरले आणि वाळवणापासून हातभर लांब, कठड्याशी ठेवले. आमच्याकडे ओलं काहीही असो, उन्हाळ्यात ते गच्चीवर जातं, तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

दुपारी दोनच्या सुमारास कुरडया उलटायला मी एकटी वर गेले. कागदावर एकही खडा नव्हता. हिरवट तेलाचे डाग होते, एकमेकांत मिसळलेले, आणि त्यांतून खालच्या पानाची अक्षरं दिसत होती. मी बोट लावून वास घेतला. तेलच होतं. जे तेल आम्ही तिला पाजलं होतं, तेच पोटात गोळे होऊन बाहेर पडलं होतं. दगड अकोल्याच्या उन्हात तापतो, वितळत नाही, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. तिचे खडे होते तिथंच होते.

मी कागदाचा बोळा केला आणि मागच्या गल्लीत टाकला. खाली येऊन सांगितलं, वावटळ आली, कागद उडून गेला. ताई हसली. म्हणाली, "जाऊ दे, पोटातून गेले ना." आणि संध्याकाळी माझ्यासमोर दवाखान्यात फोन करून तिनं तारीख रद्द केली. मी चहा पीत होते. दोन वाक्यं बोलले असते तर काम झालं असतं. सुनेसमोर, घरातल्या बायकांसमोर माझं हसं झालं असतं, एवढंच. मी दुसरा कप मागितला.

श्रावणात तिचे डोळे पिवळे झाले. एक खडा घसरून पित्ताच्या नळीत अडकला होता आणि त्यानं स्वादुपिंडाला सूज आली होती. ती अतिदक्षता विभागात नऊ दिवस होती. डॉक्टरांनी विचारलं, तारीख का रद्द केली? मी पलंगाशेजारीच उभी होते. ती म्हणाली, "लग्नसराई होती साहेब." माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती वाचली, पण तेव्हापासून रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. तासभर बसलं की थकते, हार आता सून गुंफते. तिनं मला कधी बोल लावला नाही, आणि मी मूग गिळून बसले.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. शेजारच्या बाईला खडे निघाले होते, ऑपरेशनची तारीख मिळाली होती.

"लय भेऊन राह्यली बिचारी. तुयं ते तेलाचं सांग तिले. माहे तर किती निंगाले होते. एखांदा राह्यला असंल, म्हणून मले तरास झाला." शेजारीण तिथंच बसली होती. तिच्या बांगड्या मला ऐकू येत होत्या.

इतकी वर्षं ताई असं समजून होती.

"ताई, ते खडे नव्हते," मी म्हटलं. "तेलाचे गोळे होते. कागद उडाला नव्हता. उन्हात सारे वितळले, अन् म्या कागद फेकून देल्ला."

तिनं विचारलं, "कवा समजलं तुले?"

"त्याच दिवशी. दुपारीच."

"तवा तारीख हातात होती माह्या," ती म्हणाली.

मी माफी मागायला लागले. ती ऐकत नव्हती. फोन तसाच कानाशी धरून शेजारणीला सांगत होती, "तू जाय वं दवाखान्यात. देल्ल्या तारखेले जाय."