लपलेल्या माणसाची कॉमेंट्री

गेमबद्दल लिहिलंय म्हणल्यावर काही जणांना वाटलं असणार, हा शेवटी मोबाईल विहिरीत टाकून कबड्डी खेळायला जाणार. काही जणांना वाटलं असणार, सोलापूरचं पोरगं, जगात नाव काढलं असणार. दोघांनी पण चहा पिऊन घ्या. माझ्याकडं त्यातलं काहीच नाही. मी एका चांगल्या प्लेयरला बाद केलं, ते पण बंदुकीला हात न लावता, नुसत्या तोंडानं. तेवढंच सांगतो.

तर मी अक्कलकोट रोडच्या एका मंगल कार्यालयात, स्टेजवर, नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीत बसलोय. समोर लॅपटॉप आणि माईक, कानाला हेडफोन. खाली दोन रांगांत वीस पोरंपोरी, सगळ्यांच्या हातात मोबाईल, माना खाली. त्यांच्या मागं आईबाप, मित्र, आणि फुकट जेवण आहे असं कळलेले काही लोक. मोबाईल गेमची फायनल आहे आणि मी तिचा कास्टर.

कास्टर म्हणजे कॉमेंटेटर. क्रिकेटमध्ये असतो तसाच, फक्त इथं बॉल नसतो, गोळ्या असतात. माझा धंदा तसा आवाजाचा. हळदीला, बारशाला, दुकानाच्या उद्घाटनाला माईकवर बोलतो, नकला करतो. आमचे हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, मंडईतली भाजीवाली, कुणाचा पण आवाज सांगा. पण गेमचं काम पहिल्यांदाच मिळालेलं. ते नीट झालं असतं तर पुढचे सगळे इव्हेंट मलाच मिळणार होते.

उमेशदादांनी, म्हणजे ज्यांची ही इव्हेंट कंपनी त्यांनी, सकाळीच समोर बसवून सांगितलं होतं.

"हे बग, तू बोलशील ते फक्त स्ट्रीमवर जाणार. हॉलमधी आवाज न्हाय."

"दादा, हॉलमधी लोकं असताना?"

"डोकं चालव की बे. तुला सगळ्यांच्या जागा दिसत्यात."

ते खरं होतं. कास्टरला गेममध्ये देवासारखं ठेवतात. कोण कुठं लपलंय, कोणाकडं किती गोळ्या, सगळं दिसतं. प्लेयरला फक्त स्वतःपुरतं दिसतं. म्हणून स्ट्रीम, म्हणजे नेटवर जाणारं लाइव्ह, लोकांना काही मिनिटं उशिरा दाखवतात. त्याला डिले म्हणतात. नाहीतर प्लेयरचा मित्र घरी बसून स्ट्रीम बघणार आणि फोनवर सांगणार, 'तुझ्या मागं झाडाखाली एक जण हाय.' त्याच कारणानं हॉलमध्ये मोठा स्क्रीन पण नव्हता.

मी मान हलवली. मला सगळं कळलं होतं. कळणं आणि वागणं ही आमच्या घरात पहिल्यापासून वेगवेगळी खाती आहेत.

मॅचच्या आधी दोन-चार प्लेयरच्या मुलाखती घेतल्या. त्यात अंबिका होती. बी.कॉम.ची पोरगी, एकदम शांत. आई सोबत आलेली, पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली.

"अंबिका, जिंकलीस तर काय करणार?"

"जिंकायला नको. पहिल्या दोघांत आले की पुण्याच्या राउंडला जायला मिळतंय."

"आणि नाही आलीस तर?"

"पप्पा म्हणलेत, गेम डिलीट. सोमवारपासनं टायपिंगचा क्लास."

मी टायपिंगवर एक जोक मारला. ती हसली नाही. आई हसली.

मॅच सुरू झाली. खेळ सोपा आहे. वीस जण एका बेटावर उतरतात, शेवटी जो जिवंत राहील तो जिंकला. खेळायची जागा हळूहळू लहान होत जाते, त्याला झोन म्हणतात. झोनच्या बाहेर राहिलं की आपोआप मरण. मी स्ट्रीमवर दबक्या आवाजात, पण जीव तोडून बोलत होतो. पण हॉलमध्ये चिडीचूप. माझा आवाज माझ्याच हेडफोनमध्ये. पाहुण्यांना दिसत काय होतं, तर वीस पोरं खाली बघून अंगठे हलवताहेत आणि स्टेजवर एक माणूस नवरदेवाच्या खुर्चीत बसून एकटाच हातवारे करतोय.

पंधरा-एक मिनिटांनी मल्लिनाथशेठ उठले. हे स्पॉन्सर. त्यांचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. ते सरळ स्टेजजवळ आले.

"काय रे, हे काय चाललंय? मयतीला आल्यागत वाटतंय. एवढे स्पीकर लावल्यात ते कशाला?"

"शेठ, हॉलमधी आवाज द्यायचा न्हाय असा रूल हाय."

"कुणाचा?"

"उमेशदादांचा."

"आन् पैसे कुणाचे?"

उमेशदादा मागच्या दारात जेवणाचा टेम्पो उतरवून घेत होते. त्यांना विचारायला जायला दोन मिनिटं लागली असती. पण खरं सांगू का, मला विचारायचंच नव्हतं. समोर एवढं पब्लिक बसलंय, एक जण हसत नाही, म्हणजे माझ्यासारख्याला पाण्याबाहेर काढल्यासारखं होतं. शिवाय मी मनाची समजूत घातली, पोरांच्या कानात इअरफोन आहेत. गोळ्यांच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार?

इथं माझं एक अज्ञान सांगतो. मी स्वतः खेळताना आवाज फुल ठेवतो आणि धावत सुटतो. मला वाटायचं, सगळे तसंच खेळतात. चांगले प्लेयर धावत नाहीत. ते थांबतात आणि ऐकतात, कुणाची पावलं वाजताहेत का. म्हणजे प्लेयर जेवढा चांगला, तेवढी त्याच्या कानात शांतता जास्त. आणि शांत कानात लग्नाचा स्पीकर काय पण करून शिरतो.

मी साउंडवाल्या रफिकभाईंना खूण केली.

"चालू करू क्या?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"करा की."

"उमेशभाई मना करे थे ना?"

"शेठ बोले."

रफिकभाईंनी बटण वर सरकवलं. आणि माझा आवाज कार्यालयभर घुमला. काय सांगू, अंगावर काटा आला. कंडक्टरच्या आवाजात झोन कुठं सरकतोय ते सांगितलं, 'चला, पुढं सरका, पुढं लई जागा हाय.' हॉल हसला. भाजीवालीच्या आवाजात एकाच्या संपलेल्या गोळ्यांचा भाव केला. टाळ्या. शेठनी मांडीवर थाप मारली. मी सुटलो.

आता माझी मतं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातनं झालं. ऑनलाईन गेमबद्दल माझी मतं लई आहेत, रँक तेवढी नाही. एक, नेट माझं चांगलंय, लॅग, म्हणजे गेम अडकत चालणं, फक्त मी हरताना होतो. दोन, अनोळखी लोकांबरोबर टीम करू नये, कारण त्यातला एक जण कायम माझ्यासारखा असतो. तीन, पैसे देऊन भारी ड्रेस घेतला तरी माणूस तसाच मरतो, मी दोन वेळा करून बघितलंय. आणि चार नंबरचं मत सगळ्यात कडक. कॅम्पर. कॅम्पर म्हणजे जो फिरत नाही, लढत नाही, एका कोपऱ्यात दबा धरून बसतो आणि माझ्यासारखा भला माणूस धावत आला की ठो. मी आजवर जेवढ्या वेळा मेलोय, त्यातल्या बहुतेक वेळा कुठल्यातरी दाराआड बसलेल्या माणसानं मारलंय. कॅम्पर दिसला की माझं डोकं सटकतं.

तर अकरा जण उरले होते. मी प्लेयर चाळत चाळत अंबिकावर आलो. बघतो तर ती टेकडीखालच्या पिवळ्या घरात, संडासात बसलेली. दार बंद, बंदूक दाराकडं. हलत नाही, बोलत नाही. झोन बरोबर त्याच घरावर येऊन थांबणार होता हे मला दिसत होतं. तिनं ते आधीच ओळखलं होतं. पण मला त्यात हुशारी दिसली नाही. मला दिसला कॅम्पर.

मी हेडमास्तरांचा आवाज काढला.

"अंबिका! तास चालू झालाय आणि तू संडासात काय करतीयस गं? किती वेळ झाला? पिवळ्या घराचा संडास म्हणजे काय तुमच्या पप्पांचा हाय का? बाहेर ये!"

हॉल फुटला. लोक खुर्चीवरनं पडायचे बाकी. मला एवढं चढलं की मी तेच परत भाजीवालीच्या आवाजात म्हणलं, वर सगळ्या कॅम्पर लोकांच्या नावानं बोंब मारली.

मग लॅपटॉपवर एक चमत्कार दिसायला लागला. नदीकडचा एक जण एकदम वळला. पुलावरचा वळला. जीपमधल्या दोघांनी जीप वळवली. बेटाच्या चार बाजूंनी सगळे पिवळ्या घराकडं निघाले, जसं तिथं जेवण चालू झालंय.

आणि मी काय म्हणावं माईकवर? मी म्हणलं, "अरे वा, काय योगायोग आहे बघा मंडळी!"

पहिला दारातून आला, त्याला अंबिकानं टिपला. दुसऱ्याला पण. तिसऱ्यानं दारात न येता खिडकीतनं बॉम्ब टाकला. संपलं.

अंबिकानं इअरफोन काढले, मोबाईल मांडीवर उलटा ठेवला आणि वर माझ्याकडं बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, काय योगायोग ते. मी रफिकभाईंना बटण खाली करा म्हणून हात हलवायला लागलो. त्यांना वाटलं आवाज वाढवा म्हणतोय. त्यांनी वाढवला.

मॅच संपली. अक्कलकोटचा बसवराज जिंकला. तोवर उमेशदादा धावत आत आले होते, हातात वरणाचं झाकण तसंच. त्यांनी आधी रफिकभाईंकडं बघितलं, रफिकभाईंनी माझ्याकडं बोट केलं, मी शेठकडं केलं, शेठ छताकडं बघायला लागले.

दादांनी प्लेयरना विचारलं, "खरं सांगा, कॉमेंट्री कुणाकुणाला ऐकू आली?"

एक-एक करत वीसच्या वीस हात वर.

बसवराज म्हणाला, "सर, मी काय कान काढून ठेवू का? ऐकलो, गेलो. पण असं जिंकून पुण्याला गेलो तर तिथं कोण सांगणार मला, कुठं कोण बसलंय ते? परत लावा की."

दुसरा कुणी असता तर बक्षिसाला चिकटला असता. बाकीच्यांनी पण माना हलवल्या. शेठनी घड्याळ बघितलं आणि परत खुर्चीत बसून घेतलं. फायनल परत लागली.

या वेळी रफिकभाईंनी स्पीकरची वायरच काढून खिशात ठेवली. मला मात्र बोलायचं होतंच, स्ट्रीमसाठी. आणि अंबिका परत एका पंपहाऊसमध्ये मोटारीच्या आड जाऊन बसली. दादा माझ्या खुर्चीमागं उभे. म्हणाले, "आता ती काय करतीय तेवढंच सांग. तुझं मत सांगू नको."

मत काढल्यावर माझ्याकडं सांगायला फार थोडं उरलं, म्हणून बघायला लागलो. ती नुसती बसत नव्हती. पावलं ऐकून बंदुकीचं तोंड आधीच फिरवायची. दोन जण आपापसात भिडले की त्या आवाजात जागा बदलायची. एकदा शत्रू दारापर्यंत आला, तिनं गोळी घातली नाही, जाऊ दिला. मला कळेना का. मग पुढं त्यानंच दुसऱ्या दोघांना मारलं, म्हणजे तिचंच काम कमी केलं. मी तिच्या जागी असतो तर गोळी तर घातलीच असती, वर चुकली पण असती.

शेवटी ती आणि बसवराज राहिले. बसवराजनं तिला मारलं. ती दुसरी आली. दोघं पुण्याला.

मॅच संपल्यावर दादांनी मला हॉलच्या खांबामागं घेतलं. "तुला आवाज देवानं दिलाय, कान द्यायचा राहिला," असं सुरू झालं ते पुढचा इव्हेंट दुसऱ्याला दिलाय इथपर्यंत गेलं. त्यात काही खोटं नव्हतं. अंबिका आली. म्हणाली, "दादा, तुमाला कॅम्पर आवडत न्हाईत ना? मग दार उघडायच्या आधी बघत जावा की." मी मान हलवली. वाटलं, झालं, सुटलो.

तेवढ्यात तिची आई आली. पर्स काखेत, डोळे लाल.

"एमय्या, काय रे, तूच का तो माईकवाला?"

"काकू, चुकलं. मॅचमधी जागा सांगायला नको होती मी."

"मॅच घाल चुलीत! शेजारची बाई मला विचारायली, ती कुणाची पोरगी हो? मी म्हणलं, माझी. किती कौतुकानं म्हणलं. आन् त्याच मिनिटाला तू म्हणालास, अंबिका संडासात बसलीय. किती वेळ झाला म्हणून पण विचारलास! सगळं कार्यालय मागच्या संडासाच्या दाराकडं वळून बघायलं. मी पण बघितलं!"

"काकू, पण ती तर समोरच बसली होती की."

"म्हणून काय झालं? हितं आमच्या समाजाची चार घरं आल्यात. उद्या पोरीला बघायला आले तर काय म्हणतील, ही का ती, संडासातली?"

"काकू, ऐका तरी. तो खरा संडास नव्हता. गेममधला होता. खोटा."

"संडास खोटा असंल," काकू म्हणाल्या, "माईक तर खरा होता की!"