गालिच्यावर सांडलेली धार

इंग्लंडात सात वर्षं काढून आलेल्या माणसाला आमच्या शहादा तालुक्यात दोनच प्रश्न विचारतात. पगार किती होता, आणि तिकडे खरंच सारखा पाऊस पडतो का. पबांबद्दल कुणी विचारत नाही. विचारलं तरी मी तोंडानं सांगणार नाही, कारण इथे दारूच्या जागेचं नाव प्रेमानं घेतलं की लोक आधी तुमचे डोळे किती लाल आहेत ते बघतात. म्हणून लिहितो.

मी कळसाडीचा. बाबा तरुणपणी सातपुड्यातून खाली उतरले, ऊस-कापसाच्या शेतावर सालदार म्हणून राहिले, ते राहिलेच. देवाशी ते पावरीत, आमच्या डोंगरातल्या आदिवासी बोलीत, बोलायचे आणि आमच्याशी अहिराणीत. पोरांना शाळेत कुणी हसू नये म्हणून पावरी त्यांनी आम्हा दोघा भावांना शिकवलीच नाही. शाळेत हसायचे ते हसलेच, दुसऱ्या कारणांनी. पुढे मी लोणखेड्याला शिकलो, नर्सिंग केलं, नंदुरबारच्या दवाखान्यात काही वर्षं ‘ओ ब्रदर’ अशा हाका ऐकल्या, आणि शेवटी इंग्लंडमधल्या जुन्या कापडगिरण्यांच्या एका गावात नर्स म्हणून जाऊन पडलो. बायको आणि मुलगी मागाहून आल्या.

त्या गावात माझे तीन आवडते पब होते. एक कालव्याकाठी, दार इतकं बुटकं की मालकानं चौकटीला जुनी गादी ठोकून ठेवली होती. तिथली बिअर काळी, दाट, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी कडवट. मालक कुणाशी बोलत नसे, कुत्र्याशी मात्र तासन्‌तास. दुसरा टेकडीवर, मेंढरांच्या कुरणांमध्ये. तिथे वर्षातून एकदोनदाच जाणं व्हायचं, आणि चढून गेल्यावर काहीही गोडच लागतं, त्यामुळे त्या बिअरबद्दल माझ्या मतावर विश्वास ठेवू नका.

तिसरा माझा खरा. इस्पितळासमोर, पाटीवर नांगर रंगवलेला. पहिला आठवडाभर मी त्याला शेतीच्या अवजारांचं दुकान समजत होतो. ड्यूटी संपल्यावर, दिवसाउजेडी, लोक तिथे बायको, सासू, कुत्रा अशा सगळ्यांना घेऊन येत आणि खिडकीशी बसून पीत. मला ते बघून पहिल्यांदा रागच आला. आमच्याकडची परमिट रूम आठवा. रंगीत बल्ब, मधे प्लायचे आडोसे, आणि तोंड भिंतीकडे करून बसलेला माणूस. नवापूरकडे तर सीमेपलीकडच्या दारूबंदीतून येणारे लोक उभ्या उभ्या ढोसतात आणि पळतात. बिअर बर्फात गाडलेली, जिभेला काही कळूच नये म्हणून. इथे पिंप तळघरात, लाकडी मुठीचा दांडा ओढून वर काढायची, ग्लास तळहाताला नुसता गार लागायचा. मी ‘माइल्ड’ नावाची घ्यायचो. तपकिरी, हलकी, गिरणीतल्या मजुरांची. मोहाची फुलं अंगणात वाळत घातल्यावर जो वास सुटतो, त्याचा चुलतभाऊ शोभेल असा तिचा वास होता.

पहिल्याच ग्लासाला मी चूक केली. आमच्यात प्यायच्या आधी चार थेंब जमिनीवर टाकतात. त्याला धार पाडणं म्हणतात. मेलेल्या पूर्वजांची नावं घेत जायचं, एकेकाला थोडं थोडं पाजायचं, मग आपण प्यायचं. नावं घेणं बाबांचं काम. मी आपला लहानपणापासून हात तेवढा वाकडा करायला शिकलेलो. तिथेही हात आपोआप वाकडा झाला आणि लाल फुलांच्या गालिच्यावर बिअर पडली.

मालकीणबाई साठीच्या, सगळ्यांना ‘बाळा’ म्हणणाऱ्या. फडकं घेऊन आल्या, पुसून गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी माझा ग्लास दोन बोटं कमी भरायला सुरुवात केली. बाईंना वाटलं, माझा हात कापतो. एकदा हळूच जवळ येऊन म्हणाल्या, “बाळा, या हातांनी इंजेक्शन देतोस?” मी म्हटलं, देतो. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढे सहा महिने मी पूर्ण ग्लासाचे पैसे देऊन अपुरा ग्लास पीत राहिलो, पण खरं सांगितलं नाही. काय सांगणार होतो? आमचं देव-पितरांचं काही असलं की ते लपवायचं, ही सवय आम्ही शाळेपासून अंगी बाणवलेली.

शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं. गिरणीत आयुष्यभर मागावर काम केलेला, बारच्या कोपऱ्यातलं स्टूल त्याच्याच नावाचं. म्हणाला, “तुझा हात कापत नाही. मी बघतोय. कुणासाठी सांडतोस?” मी सांगितलं. तो हसला नाही. उलट टोपी काढली. मग म्हणाला, “नावं काय त्यांची?”

मी आजोबांचं नाव सांगितलं. “त्यांच्या आधीचं?” मला येईना. त्यानं खिडकीतून रस्त्यापलीकडचं चर्च दाखवलं. त्याच्या मागे दफनभूमी. तिथे त्याचा बाप, बापाचा बाप, असे सहा जण ओळीनं दगडावर कोरलेले. तो बोटांवर मोजत एकेक नाव सांगू लागला आणि मी ग्लास खाली ठेवला. बापरे, हा गोरा माणूस, देव न मानणारा, आणि याला सहा नावं पाठ. मी रोज गालिचा भिजवतो आणि मला एक. इतकी वर्षं मी कुणाला पाजत होतो? पत्ता न घालता पाकिटं टाकत होतो की काय?

त्याच रविवारी मी घरी फोन लावला. बाबा तेव्हा थोरल्या भावाकडे राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी म्हटलं, बाबा, धारेची नावं सांगा, लिहून घेतो.

“फोनवर त्या नावं नही लेवात,” बाबा म्हणाले.

“का?”

“नाव लिन्ह का त्या येतस. उन्यात का त्यासले काय पाजशी? तुन्हा फोन?”

मी हसलो. ते हसले नाहीत. बोलावून माणसाला कोरडं परत पाठवायचं नसतं, मग तो जिवंत असो की मेलेला, एवढं साधं त्यांचं म्हणणं. आणि नावं सुटी सुटी त्यांना यायचीच नाहीत. आधी सगळ्यांत जुना, मग त्याचा मुलगा, असं करत शेवटी आजोबा. धार पडत राहिली तरच पुढचं नाव जिभेवर यायचं. भावाच्या घरात दारूचा थेंब नव्हता. तो भगत झाला होता, म्हणजे दारू-मटण सोडून गळ्यात माळ, घरात रोज भजन. म्हणजे बाबांनीही कित्येक वर्षांत ती नावं घेतली नव्हती.

“तू घर ये,” ते म्हणाले. “बस मन्हा पुढे. तू धार पाडजो, मी सांगत जासू. मंग तू म्हनी दाखाडजो. चुकना ते मी सांगसू.”

येतो म्हटलं. पहिल्या वर्षी मुलीची परीक्षा होती. दुसऱ्या वर्षी, खोटं कशाला बोलू, आम्ही समुद्र बघायला गेलो. एक आठवडा वाळूत बसलो आणि तळलेले मासे खाल्ले. त्या वर्षीच नांगराचा पब बंद पडला. गिऱ्हाईक राहिलं नाही म्हणे. खिडक्यांना फळ्या ठोकल्या, मालकीणबाई बहिणीकडे निघून गेल्या. म्हातारा विणकर कालव्याच्या पबात येऊ लागला, पण तिथे त्याला स्टूल नव्हतं. तो भिंतीला टेकून उभा राहायचा आणि अर्धा ग्लास पिऊन जायचा. नावं मिळाली का, असं त्यानं दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडलं.

पुढची वर्षंही अशीच गेली, आणि सातव्या वर्षी भावाचा फोन आला. बाबांना लकवा मारला होता.

मी नोकरीचं काय व्हायचं ते होवो म्हणून निघालो. पोहोचलो तोवर उजवा हात-पाय गेलेला आणि वाचा बंद. त्यांना सगळं समजत होतं. मला ओळखलं, डाव्या हातानं माझं तोंड चाचपलं, बोलायला गेले आणि बाहेर आलं ते नुसतं “अं”. पाणी हवं तरी “अं”, उशी हवी तरी “अं”. मी नर्स आहे. अशी शेकडो माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या नातेवाइकांना मी ‘प्रयत्न करत राहा’ असं सांगितलेलं आहे. ते मी नुसतं धीर द्यायला म्हणायचो, हे मला माहीत आहे. तरी चार महिने रोज सकाळी समोर बसून आ, ई, ऊ करून घेतलं. एकही अक्षर हललं नाही. शेवटी मी ते बंद केलं, तेव्हा बाबांनाच बरं वाटलं.

मधल्या काळात डोंगरातल्या आमच्या मूळ पाड्यावर जाऊन आलो. बाबांचे भाऊ सगळे गेलेले. एक लांबचा म्हातारा काका भेटला. त्याला त्याच्या घराची नावं पाठ होती, आमच्या घराची नव्हती. “तुझ्या बापालाच माहीत,” एवढं तो म्हणाला. अक्षर बाबांना कधीच आलं नव्हतं, त्यामुळे डाव्या हातानं लिहून दाखवायचाही प्रश्न नव्हता. पाड्यावरून निघताना मी मोहाची दारू एका बाटलीत घेतली. उपयोग शून्य आहे हे ठाऊक असून घेतली.

भावानं बाटली पाहिली आणि दारातच उभा राहिला.

“मन्हा घरमा ती वस्तू येवाव नही.”

“प्यायला नाही दादा. धारेला.”

“ती धारनामागे काय काय उनं ते मी देखेल शे. माय मार खाये, ते तू इसरी गया का?”

विसरलो नव्हतो. बाबा चांगले होते हे खरं आणि पिऊन आले की आईला मारायचे हेही खरं. मी शिकायला बाहेर होतो, भाऊ मधे पडायचा आणि त्यालाही बसायचे. त्यानं माळ घातली आणि घरातली मारहाण थांबली. आई शेवटची काही वर्षं निवांत जेवली ती त्या माळेमुळे. मी सातासमुद्रापलीकडून पितरांचं प्रेम शिकवायला आलेला, मला त्याच्याशी भांडायला तोंडच नव्हतं. मी बाटली घेऊन मागे फिरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच म्हणाला, “घरमा नही. खळामा ली जाय त्यासले.” आम्ही दोघांनी बाबांना खाटेसकट उचललं आणि खळ्यात निंबाखाली ठेवलं. भावानं त्यांच्या पाठीशी उशी लावली, धोतर नीट केलं, बाटलीकडे न बघता शेताकडे निघून गेला.

मी बाबांसमोर जमिनीवर बसलो. बूच काढलं. वास त्यांच्यापर्यंत गेला आणि त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू जागी झाली. त्यांनी डावा हात पुढे केला, जमीन दाखवली. मी धार धरली.

“अं,” बाबा म्हणाले.

थेंब मातीत मुरले. त्यांनी बोट हलवलं, पुढची. मी पुन्हा धरली. “अं.” मग थांबले, आठवलं, “अं.” घाई नाही, गोंधळ नाही. एकेकाला वेळ देऊन, मान किंचित लववून ते सांगत होते. त्यांच्या डोक्यात सगळी होती, ओळीनं, एकही गळली नव्हती. मी मोजत होतो. नऊ झाली. नवव्याला, म्हणजे आजोबांना, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी तळहात आडवा धरला. बस.

मी बाटली खाली ठेवली. मला मोठ्यानं रडायचं होतं, पण बाबा हसत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. अर्धं तोंड वाकडं, अर्ध्यात समाधान. इतक्या वर्षांचं राहिलेलं काम झालं होतं त्यांच्या दृष्टीनं. त्यांनी बोट माझ्याकडे केलं, मग बाटलीकडे. मला आधी कळलं नाही. त्यांनी पुन्हा केलं, जरा रागावून. आता तू म्हणून दाखव.

मी धार धरली आणि म्हटलं, “अं.” त्यांनी मान डोलावली. दुसरं, तिसरं. चौथं. पाचव्यालाही मान डोलावली. सहाव्याला मात्र त्यांनी डावा हात जोरानं हलवला. चुकलं. त्यांनी माझं मनगट धरलं, माझ्या तोंडाकडे बघत, लहान मुलाला सांगावं तसं, सावकाश, बरोबर नाव पुन्हा सांगितलं.

“अं.”

“अं,” मी म्हटलं. या वेळी बरोबर आलं असावं, कारण त्यांनी मनगट सोडलं.