मिरच्यांचा ठसका

स्वतःची किंमत मोजून घ्यायला मी एकदा दिघाशीला, माहेरी गेले होते.

त्याचं असं झालं. एम.एड.साठी मला एक परदेशी प्रश्नावली भिवंडीतल्या मुलींसाठी मराठीत बसवायची होती. आत्मसन्मान मोजणारी. 'माझ्यात पुष्कळ चांगले गुण आहेत' अशी वाक्यं, पुढे सहमत की असहमत. वर्गात वाटली, तर सगळ्या मुली असहमत! एक म्हणाली, "बाई, असं सोताच कसं लिवायचं? घरचे काय म्हनतील?"

म्हणून तिथे जाऊन आईवर प्रयोग करायचं ठरवलं. (संशोधन हे निमित्त. चाळिशी आली तरी तिच्या तोंडून माझ्याबद्दल एक चांगला शब्द ऐकला नव्हता, आणि तो मला फार हवा होता.)

"आई, तुला तुझा अभिमान वाटतो?"

"मना कसला आलाय अभिमान? भाकऱ्या थापायच्या हायत."

"बरं, माझा?"

आईने भाकरी उलटली. "पोरीला तोंडावर चांगलं बोलू न्हाय. दिष्ट लागते."

मग मी प्रश्नच बदलला: 'आई शेजारणीजवळ तुझ्याबद्दल काय बोलते?' आणि उत्तर मिळवायला, शेजारची कमलकाकी आल्यावर, दाराआड उभी राहिले.

"तुझी लेक अजून शिकते म्हनं," काकी म्हणाली. "लई हुशार हाय गो."

"कसली हुशार! साधा चाय उतू घालवते. जावई गरीब म्हनून निभतंय."

काकी गेली. मी रडकुंडीला येऊन बाहेर आले, तर आई मुठीत मीठ-मिरच्या घेऊन उभी. "बस खाली. कमल तुला हुशार म्हनाली."

तिने मिरच्या माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. जळताना ठसका लागला तर नजर नाही, नाही लागला तर नजर जबर, हा आमच्याकडचा हिशेब. कुणालाच ठसका लागला नाही.

"बघ," आईचा चेहरा उजळला, "केवढी दिष्ट लागली व्हती माझ्या पोरीला."

प्रश्नावलीत मी एक वाक्य वाढवलं: 'घरी माझी दृष्ट काढतात.' सगळ्या मुली सहमत. एम.एड.च्या सरांनी मात्र ते शास्त्रीय नाही म्हणून खोडलं.

आता आई नाही. परवा शाळेत माझा सत्कार झाला. घरी आल्यावर नवऱ्याने अभिनंदन केलं, तेही तोंडावर. तिची इतकी आठवण आली, की मीच मिरच्या स्वतःवरून उतरवल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या.

अख्खी बिल्डिंग खोकत जिन्यात आली.